कांदळवन वाढलं, म्हणजे नेमकं काय झालं?

२०२१ च्या वन अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणारं जंगल (मॅन्ग्रोव्ह), ३२४ चौरस किलोमीटर होतं. २०२३ च्या अहवालात ते ३१५ आहे. आणि तोच अहवाल सांगतो की या काळात राज्यातलं कांदळवन १२ चौरस किलोमीटरने वाढलं. साधी वजाबाकी केली तर नऊची घट दिसते. मग वाढ आली कुठून?

देशाच्या आकड्याचंही तेच. दोन्ही अहवालांत बेरीज ४,९९२ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, पण घट मात्र सात-साडेसात चौरस किलोमीटरची दाखवली आहे. यात छपाईची चूक नाही. पद्धत बदलली किंवा सुधारली की भारतीय वन सर्वेक्षण विभाग आधीचा आकडाही नव्या पद्धतीने पुन्हा काढतो आणि तुलना त्या सुधारित आकड्याशी करतो. त्यामुळे जुना छापील अहवाल नव्याच्या शेजारी ठेवून वजाबाकी केली की उत्तर चुकतं. बातम्यांत मात्र हे सहसा सांगितलं जात नाही. ‘कांदळवन वाढलं’ किंवा ‘कांदळवन घटलं’ एवढंच मथळ्यात येतं, आणि आपण त्यावर खूश होतो किंवा हळहळतो.

मला हा विषय महत्त्वाचा वाटतो, कारण कोकणाच्या खाड्यांचं पुढच्या तीस-चाळीस वर्षांत काय होणार, याचे निर्णय याच आकड्यांवर घेतले जातात. म्हणून आधी आकडा कसा तयार होतो ते पाहू आणि मग चिखलात उतरू.

उपग्रहाला काय दिसतं

देशातल्या कांदळवनाची अशी पहिली मोजणी १९८७ साली झाली, तेव्हा ते ४,०४६ चौरस किलोमीटर भरलं होतं. तेव्हापासून ही मोजणी उपग्रहाच्या चित्रांवरून होते. सध्या वापरात असलेल्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या साधारण साडेतेवीस मीटर लांब-रुंद चौकोनाएवढा असतो आणि एक हेक्टरपेक्षा लहान तुकडा नकाशात धरला जात नाही. सुंदरबनासारख्या विस्तीर्ण जंगलासाठी हे ठीक आहे. पण आपल्याकडे किती खाड्यांमध्ये कांदळवन म्हणजे पाण्याच्या कडेने जाणारी दहा-पंधरा मीटर रुंदीची पट्टी असते! राजापूरची खाडी घ्या किंवा देवगड-आचऱ्याकडच्या खाड्या घ्या, अशा पट्ट्या तुकड्यातुकड्यांनी पसरलेल्या आहेत. त्यातल्या काही नकाशात येतात, काही सुटतात.

दुसरी गोष्ट म्हणजे उपग्रहाला वरून फक्त पानांचं छत दिसतं. छताने जमिनीचा दहा टक्के भाग झाकला की तो तुकडा जंगलात धरला जातो, सत्तर टक्क्यांच्या वर गेला की ‘अतिदाट’ म्हटला जातो. खाली एकाच जातीची खुरटी झाडं आहेत की आठ-दहा जातींचं जुनं जंगल, हे या आकड्यातून कळत नाही. मुळांशी किती प्लास्टिक अडकलंय, चिंबोऱ्यांची बिळं आहेत की नाहीत, तेही कळत नाही.

२०१५ च्या अहवालात महाराष्ट्रात २२२ चौरस किलोमीटर कांदळवन होतं, २०१७ च्या अहवालात ३०४ झालं. दोन वर्षांत ८२ ची उडी. ही उडी त्या वेळी देशात सर्वांत मोठी होती आणि तिचं खूप कौतुक झालं. संरक्षण वाढलं होतं हे खरंच आहे. पण कांदळाचं झाड दोन वर्षांत असं मोठं होत नाही. माझ्या मते त्यात आधीच्या दहा वर्षांत आपोआप उगवून आलेली, तोवर नकाशात न दिसणारी झाडं आहेत आणि मोजणीतली सुधारणाही आहे. म्हणजे वाढ खोटी नाही, फक्त ती त्या दोन वर्षांची नाही.

जगाचं चित्र थोडक्यात सांगतो. २०२० साली जगात सुमारे १ लाख ४७ हजार चौरस किलोमीटर कांदळवन होतं आणि १९९६ पासूनची निव्वळ घट सव्वापाच हजारांच्या जवळपास. सर्वांत जास्त नासधूस विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत आग्नेय आशियात झाली, मुख्यतः कोळंबीच्या तलावांसाठी. तो वेग आता पुष्कळ कमी झाला आहे. कांदळवनाच्या बाबतीत ही खरोखर चांगली बातमी आहे आणि ती तशीच सांगायला हवी.

चिखलातलं जगणं

आपल्या किनाऱ्यावर कांदळवनाच्या साधारण वीस जाती आहेत. सर्वांत जास्त दिसते ती तिवर. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत लोकलच्या खिडकीतून दिसणारी झाडी बहुतेक तिचीच. तिच्या बुंध्याभोवती चिखलातून शेकडो खुंट वर आलेले असतात, ती श्वासमुळं. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतो, म्हणून ही मुळं ओहोटीला हवा आत घेतात. तिवर पाण्यातलं मीठ शोषते आणि पानांवाटे बाहेर टाकते. उन्हाच्या दिवसात पान जिभेला लावून बघा, खारट लागतं. कांदळ ही दुसरी जात, तिची रीत वेगळी. ती बरंचसं मीठ मुळांशीच गाळून अडवते आणि बुंध्यापासून कमानीसारखी आधारमुळं सोडून चिखलात उभी राहते. तिचं बी झाडावरच रुजतं. शेंगेसारखं दिसणारं हिरवं लांबट रोप खाली पडतं, चिखलात रुततं किंवा पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे रुजतं. पांढरी चिप्पी २०२० साली महाराष्ट्राची राज्य कांदळवृक्ष झाली. तिची पांढरी फुलं संध्याकाळनंतर उमलतात आणि वटवाघळं त्यांच्या परागीभवनाला मदत करतात. याशिवाय मारांडी, किरकिरी, काजळा, हुरा अशी मंडळी आपापल्या जागी असतात.

‘आपापल्या जागी’ हे महत्त्वाचं. कांदळवन समुद्राच्या सरासरी पातळीपासून उधाणाच्या भरतीच्या रेषेपर्यंतच्या पट्ट्यातच उगवतं. त्या पट्ट्यातही प्रत्येक जातीची उंची ठरलेली असते. कुणाला रोज दोनदा बुडणं चालतं, कुणाला फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाय भिजले तरी पुरतात. इथे हातभर उंचीच्या फरकाने जात बदलते.

पाणी आलं पाहिजे आणि गेलंही पाहिजे. कांदळवन समजून घ्यायचं तर एवढं एक सूत्र पक्कं धरावं. पाणी यायचं थांबलं तर चिखल वाळतो, मीठ वर येऊन साचतं आणि खाऱ्या पाण्यात वाढणारं झाडही त्या मिठाने मरतं. पाणी जायचं थांबलं तर श्वासमुळं सतत बुडालेली राहतात आणि झाड गुदमरतं. दोन्ही वेळा कुऱ्हाड लागत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कार्पेंटारियाच्या आखातात २०१५-१६ साली सुमारे ७,४०० हेक्टर कांदळवन काही महिन्यांत वाळून गेलं. कुणी तोडलं नव्हतं. एल निनोच्या त्या वर्षी तिथली समुद्रपातळी तात्पुरती खाली गेली होती, मुळांपर्यंत पाणी पुरेसं पोहोचलं नाही, आणि हजार किलोमीटर किनाऱ्यावर झाडं उभ्या उभ्या गेली.

(जाता जाता एक गोष्ट. मुंबई-नवी मुंबईत काही वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस तिवरांची पानं अचानक नाहीशी होतात, झाडी तपकिरी दिसते आणि ‘विष टाकलं’ अशी ओरड होते. बऱ्याचदा ते एका पतंगाच्या अळ्यांचं काम असतं, सागाची पानं खाणाऱ्या त्याच अळ्या. काही आठवड्यांत पालवी परत येते. तेव्हा तिवर ओकीबोकी दिसली की आधी फांद्यांवर अळ्या आहेत का ते बघा.)

जपायचं कशासाठी

याचं उत्तर सगळ्यांना तोंडपाठ असल्यासारखं असतं: वादळापासून रक्षण, मासे, कार्बन. पण या तिन्हींत थोडं नीट बोलायला हवं.

ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळाचा अभ्यास झाला, तेव्हा केंद्रपाडा जिल्ह्यात गाव आणि समुद्र यांच्यामध्ये कांदळवनाचा पट्टा जितका रुंद होता तितके मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. हा पुरावा ठोस आहे, आणि तो पट्ट्याच्या रुंदीबद्दल आहे. दहा मीटरची पट्टी ठेवून ‘नैसर्गिक भिंत आहे’ म्हणणं ही फसवणूक आहे.

मुंबईच्या २६ जुलै २००५ च्या महापुराबद्दल बोलताना ‘कांदळवन असतं तर पूर आला नसता’ असं म्हटलं जातं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तो कुठल्याही झाडाने अडवला नसता. पण मिठी नदीच्या मुखाशी, माहीमच्या खाडीच्या दोन्ही अंगांना पाणी पसरायला जी दलदल आणि कांदळवन होतं, तिथे आपण भराव टाकून इमारती उभ्या केल्या होत्या. पाण्याला थांबायची जागाच नव्हती. कांदळवनाची जमीन म्हणजे पाण्याची जमीन, आणि ती घेतली की पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी घरात शिरतं.

मासळीचं सांगायला कोळीवाड्यातली माणसंच हवीत. कोळंबी, बोई, जिताडा यांची पिल्लं खाडीच्या कडेला, मुळांच्या जाळीत वाढतात. निवटी आणि चिंबोरी तर त्या चिखलातच राहतात. कालवं आणि शिवल्या काढायला ओहोटीला खाडीत उतरणाऱ्या बायकांचं उत्पन्न कुठल्याही अहवालात नीट धरलेलं नसतं, आणि म्हणून खाडी बुजवली की त्यांचं नुकसानही कुठे धरलं जात नाही. मला यातली ही बाजू सर्वांत जास्त खुपते.

कार्बनचा साठा झाडात कमी आणि चिखलात जास्त असतो. पडलेली पानं, मुळं त्या प्राणवायूविना चिखलात नीट कुजत नाहीत, शतकानुशतकं साचत राहतात. हिंदी-प्रशांत महासागरांच्या किनाऱ्यांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासात हेक्टरमागे सरासरी हजार टनांहून थोडा जास्त कार्बन सापडला, जमिनीवरच्या उष्णकटिबंधीय जंगलांच्या कितीतरी पट. झाड तोडून चिखल उकरला की तो हवेत जातो. म्हणूनच जुनं कांदळवन तोडून तेवढीच नवी रोपं लावली तर हिशेब जुळत नाही. नवं झाड पंधरा वर्षांत मोठं होईल, चिखल मात्र तेवढ्यात भरून येणार नाही.

कुऱ्हाडीपेक्षा बुजलेली मोरी

कुणी तिवरं तोडली तर दिसतं. फोटो निघतात, गुन्हा दाखल होतो. पण रात्री ट्रकने आणून टाकलेलं डेब्रिज, खाडीला आडवा टाकलेला मातीचा रस्ता, बुजवलेली मोरी, मत्स्यतळ्यासाठी घातलेला बांध, या गोष्टी झाडांपासून शंभर मीटर लांब होतात आणि झाडं वर्ष-दोन वर्षांनी मरतात. तोवर जागा ‘ओसाड’ झालेली असते. मग तिथे काहीतरी बांधायला सोपं जातं. मुंबई महानगरात हे वर्षानुवर्षं चाललं आहे.

नेरुळचं डीपीएस तळं हे यातलं ताजं उदाहरण. भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग बंद झाल्याने ते कोरडं पडत गेलं आणि २०२४ साली तिथल्या फ्लेमिंगोंचे हाल झाले, तेव्हा कुठे लोकांचं लक्ष पाण्याच्या वाटांकडे गेलं. तिथेही लोकांना आधी पक्षी दिसले, पाण्याच्या वाटा नंतर.

उलट पाणी परत सोडलं की काय होतं, हे तमिळनाडूत पिचावरमला पाहायला मिळतं. तिथे पूर्वी वन विभागच पट्टे आखून कांदळवन साफ तोडायचा, पुन्हा उगवेल या भरवशावर. उघडी पडलेली जमीन उन्हाने वाळून खचली, मधे खोलगट भाग तयार झाला, त्यात उधाणाचं पाणी अडकून आटू लागलं आणि खारटपणा इतका वाढला की काहीच उगवेना. बराच काळ दोष गावकऱ्यांच्या गुरांना आणि सरपणाला दिला गेला. १९९० च्या दशकात एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानाने दुखणं ओळखलं आणि वन विभाग व गावकऱ्यांच्या साथीने तिथे माशाच्या काट्यासारखे, एका मुख्य चरातून दोन्ही बाजूंना फुटणारे चर खणले. भरती आत येऊ लागली, ओहोटीला पाणी बाहेर जाऊ लागलं, आणि कांदळवन परत उभं राहिलं. रोपंही लावली, पण चर खणले नसते तर ती जगली नसती.

लागवडीचा मोह

रोपं लावणं दिसायला छान असतं. मंत्री येतात, शाळेची मुलं येतात, ‘एक लाख रोपं’ असा फलक लागतो. पण जगभरचा अनुभव असा की घाईच्या लागवडीतलं बहुतेक वाया जातं. फिलिपिन्समध्ये मोठमोठ्या मोहिमांत लावलेल्या रोपांपैकी जेमतेम दहा-वीस टक्केच टिकल्याची नोंद आहे. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर उत्साहाने हजारभर हेक्टरवर लागवड झाली, त्यातली दोनशे-सव्वादोनशे हेक्टरच जगली.

कारण दोन्हीकडे एकच. कांदळाची रोपं हाताळायला सोपी, म्हणून तीच लावली जातात, आणि जिथे कुणाची मालकी नाही अशा खालच्या उघड्या चिखलावर लावली जातात. तिथे कांदळ मुळात उगवत नाही. उगवण्याजोगी जागा असती तर वाहत आलेल्या बियांनी ती आधीच घेतली असती. शिवाय त्या उघड्या चिखलाचेही मालक आहेत. फ्लेमिंगो, तुतारी, चिखले आणि बाकीचे हिवाळी पाहुणे तिथेच चरतात. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, ती कांदळवन आणि चिखलपट्टा या दोन्हींमुळे. एकाची भर घालण्यासाठी दुसऱ्याचा बळी द्यायचा, याला संवर्धन म्हणता येणार नाही.

केंद्राची ‘मिष्टी’ योजना २०२३ साली सुरू झाली. पाच वर्षांत ५४० चौरस किलोमीटरवर कांदळवन उभं करण्याचं तिचं लक्ष्य आहे. हेतू चांगलाच आहे. पण लक्ष्य हेक्टरमध्ये दिलं की खालचा अधिकारी रोपं मोजणार, आणि पाच वर्षांनी किती उरली हे कुणी विचारणार नाही, ही भीती मला वाटते. गुजरातने लागवडीतून कांदळवन मोठ्या प्रमाणावर वाढवलं हे मान्य करायला हवं: १९८७ साली ४२७ चौरस किलोमीटर होतं, ते हजाराच्या पुढे गेलं. त्यात बहुतेक एकट्या तिवरीची झाडं आहेत. आणि २०२३ च्या अहवालात देशात सर्वांत मोठी घट, ३६ चौरस किलोमीटरची, गुजरातचीच आहे.

कायदा कुठे पुरतो, कुठे कमी पडतो

महाराष्ट्रात कांदळवन टिकलं त्यात न्यायालयाचा वाटा फार मोठा आहे. किनाऱ्यावरच्या बांधकामांवर बंधनं घालणारी किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ ची, पण तिची अंमलबजावणी ढिली होती. ऑक्टोबर २००५ मध्ये, महापुरानंतर तीनच महिन्यांनी, मुंबई उच्च न्यायालयाने बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली आणि सरकारी जमिनीवरचं कांदळवन संरक्षित वन म्हणून जाहीर करायला सांगितलं. २०१२ साली राज्याने वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला, असा कक्ष काढणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल आला. कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला, असं न्यायालयाने म्हटलं. कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यातही बांधकामाला बंदी घातली.

त्यातच एक दार उघडं आहे, सार्वजनिक हिताच्या प्रकल्पाचं. अशा प्रकल्पाला उच्च न्यायालयाच्या परवानगीने कांदळवन तोडता येतं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०२२ मध्ये अशी परवानगी मिळाली. आधी सुमारे ५३ हजार झाडं जाणार होती, आराखडा बदलून ती संख्या वीस हजारांच्या घरात आणली गेली. आराखडा बदलता येतो, हे यातून सिद्ध झालं. म्हणजे प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी पहिला प्रश्न ‘बदल्यात किती रोपं लावणार?’ हा नसून ‘खांबांची जागा हलवून किती झाडं वाचतात?’ हा असायला हवा.

किनारी नियमनाच्या २०१९ च्या नव्या अधिसूचनेने खाजगी जमिनीवरच्या कांदळवनाला ५० मीटरच्या राखीव पट्ट्याची अट लागू नाही असं म्हटलं. हे मला चुकीचं वाटतं. भरतीला सातबारा कळत नाही. पण खाजगी जमिनीचा प्रश्न उडवून लावण्यासारखाही नाही, आणि त्यासाठी रायगडात जायला हवं.

खारबांध फुटतात तेव्हा

अलिबाग, पेण, उरण या भागांत खाडीकाठची शेती ही खारी जमीन आहे. पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांनी एकत्र येऊन मातीचे बांध घातले, खाडीचं पाणी बाहेर ठेवलं, आणि आत भात पिकवला. बांधात उघाड्या असतात. ओहोटीला त्यातून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप मिटते. हे काम वर्षभराचं. चिंबोऱ्या बांधाला बिळं पाडतात, उधाण लाटा मारतं, जरा दुर्लक्ष झालं की खांड पडते.

१९७९ च्या खारभूमी विकास कायद्यानंतर मोठ्या बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. गावाची जुनी एकत्र राबण्याची पद्धत मोडत गेली आणि सरकारी दुरुस्ती वेळेवर होईना. तरुण मंडळी कारखान्यात, मुंबईत गेली. बांध फुटले, खारं पाणी शेतात शिरलं, भात गेला. दोन-तीन वर्षांत त्या शेतात तिवर उगवली. आणखी काही वर्षांनी ते कांदळवन झालं, आणि कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात हात लावता येईना.

उपग्रहातून पाहिलं तर ही वाढ आहे. अहवालात ती हिरव्या रंगात येते. गोव्यातल्या खाजन शेतीतही अशीच कांदळवनं उभी राहिली आहेत. तिकडे ठाणे खाडीत गाळ साचतो, सांडपाण्याने खाऱ्या पाण्याचा जोर कमी होतो, आणि प्रदूषण सोसणारी तिवर चिखलपट्ट्यावर पसरत जाते. तीही वाढच. म्हणजे ‘वाढ’ या एका शब्दाखाली लागवड आहे, संरक्षण आहे, एका शेतकऱ्याचं गेलेलं भातशेत आहे आणि गटारांनी भरलेली खाडीही आहे.

खारीतल्या शेतकऱ्याला पर्यावरणाचा शत्रू म्हणणं मला पटत नाही. त्याने काही तोडलं नाही, कुठे भराव टाकला नाही. राज्याने बांध राखला नाही आणि नंतर राज्यानेच त्या जागेला वन म्हटलं. त्याला बांध दुरुस्त करून जमीन परत द्या, नाहीतर त्या वनाचा मोबदला द्या. दोन्ही न करता त्याने कांदळवनाचं प्रेमाने रक्षण करावं ही अपेक्षा चालणार नाही.

या प्रश्नाला पुढची एक बाजू आहे. समुद्राची पातळी वाढते आहे. सुंदरबनात घोडामारासारखी बेटं झिजताना एका पिढीने पाहिली. पाणी चढतं तेव्हा कांदळवन जागेवर दोनच प्रकारे टिकतं: नद्यांनी आणलेल्या गाळाने चिखलाची उंची वाढली तर, किंवा जंगलाला जमिनीकडे मागे सरकायला जागा मिळाली तर. कोकणातल्या नद्या लहान, त्यांच्यावर धरणंही झाली आहेत. आणि मागे सरकायचं कुठे? मुंबई, ठाणे, नवी मुंबईत कांदळवनाच्या पाठीला रस्ता, भिंत किंवा इमारत आहे. पुढून पाणी, मागून काँक्रीट. अशा ठिकाणी आज नकाशात दिसणारी हिरवी पट्टी पुढे आपोआप अरुंद होईल, कितीही पहारा ठेवला तरी.

मग मागे सरकायला जागा उरते ती कोकणातल्या खारींत. जी पडीक खार पुन्हा लागवडीत येणं शक्य नाही, ती या शतकात किनाऱ्याची सर्वांत मोलाची जमीन ठरू शकते, आणि तिचा मालक साधा शेतकरी आहे. २०१७ पासून राज्याची कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजना आहे. तिच्यातून किनाऱ्यावरच्या गावांत चिंबोरीपालन, कालवंपालन, शोभिवंत मासे असे उद्योग सुरू झाले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात आणि कुठली जात कुठली ते समजावतात. हे सगळं चांगलं आहे, पण पर्यटक येतील तिथेच चालणारं आहे. पेणच्या एखाद्या खारीत कुणी सफरीला जाणार नाही.

तिथे केनियाच्या गाझी उपसागरातल्या गावांनी केलं तसं काही करता येईल. ‘मिकोको पामोजा’ नावाच्या त्यांच्या प्रकल्पात ११७ हेक्टर कांदळवन गावकरी राखतात, त्याच्या कार्बनची प्रमाणपत्रं विकली जातात आणि तो पैसा गावाच्या पाण्याच्या योजनेला, शाळेला जातो. २०१३ पासून हे चालू आहे. ११७ हेक्टर म्हणजे आपल्याकडच्या दोन-चार गावांच्या खारीएवढी जमीन. रायगडात हे करायचं तर आधी गावनिहाय नोंद हवी: कुठली खार कुठल्या वर्षी बुडाली, मालक कोण, बांध दुरुस्त होण्याजोगा आहे की नाही, आणि शेतकऱ्याला काय हवं आहे, शेत की वर्षाकाठी ठरावीक रक्कम. ही नोंद उपग्रहावरून होणार नाही. तलाठी, खारभूमी विभाग आणि कांदळवन कक्ष यांनी ओहोटीची वेळ बघून एकत्र बांधावर उतरावं लागेल, गावातल्या जुन्या माणसांना बरोबर घेऊन.